दोन ठोके

चिखलसुद्धा नियमात बसवलेला होता. किती माती, किती वाळू, किती पाणी, सगळं नियमावलीत लिहिलेलं. तपासनीस गेली बावीस वर्षं तो स्वतःच्या हातांनी कालवत आले होते. पिस्तूल त्यात बुडवायचं, बाहेर काढायचं आणि तडक दहा गोळ्या झाडायच्या. पुसायचं नाही, झटकायचं नाही. चिखलात पडलेल्या शिपायाला तेवढी सवड कोण देणार?

गेल्या वर्षीची अख्खी खेप त्यांनीच पास केली होती, आणि त्यातलंच एक पिस्तूल त्यांच्या लेकीच्या कमरेला होतं. ती पोलिसात. पूर ओसरलेल्या वस्तीत घरं लुटणारी टोळी फिरत होती आणि लेकीची तुकडी आज त्या टोळीच्या मागावर होती. सकाळी ती बूट चढवत असताना ते छाती फुगवून म्हणाले होते, "काळजी करू नकोस. माझ्या हाताखालून गेलेलं आहे ते."

दुपारी, गेल्या वर्षीची खेप बनवणाऱ्या त्याच कारखान्याच्या नव्या खेपेची चाचणी झाली. पाचही पिस्तुलं पास. तपासनीस कानांवरची जाड टोपणं काढत होते, तोच काचेपलीकडून नोंदी ठेवणाऱ्या बाईंनी हाक मारली. कॅमेरा आजच बसवला होता.

"साहेब, हे काय करता तुम्ही?"

"काय करतो?"

पडद्यावर त्यांचाच हात दिसला. चिखलातून पिस्तूल वर आलं, मेजाच्या कडेवर त्याची मूठ दोनदा आपटली. ठक, ठक. चिखलाचा गोळा खाली पडला, आणि मग गोळ्या सुटल्या. पाचही वेळा तेच.

तपासनीस पडद्याजवळ सरकले. घरी त्यांना बायको सुतारपक्षी म्हणायची. चमचा असो, पेन असो, चष्म्याचं घर असो, हातात घेतलं की दोनदा आपटल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. पण इथे? कानांवर टोपणं, त्यामुळे त्यांना कधी ऐकू आलं नाही. बाई काचेमागे, मान वहीत.

"पुन्हा बुडवू," ते म्हणाले.

या वेळी त्यांनी डावा हात पाठीमागे धरला आणि उजव्याला अक्षरशः दटावलं. पहिली गोळी सुटली. दुसरीला चाप नुसताच दाबला गेला. पुढचं पिस्तूल तिसऱ्या गोळीला अडलं. पाचांतली चार अडली.

त्यांनी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. ते बसले नाहीत. चौथ्यांदा लेकीने उचलला.

"बाबा, कामावर आहे! सकाळी मस्त लोळण घेतली चिखलात. मिळाले दोघं."

"पिस्तूल? पिस्तूल चाललं?"

"चाललं की. हवेत एक झाडावी लागली. पडल्यावर आधी दोनदा आपटलं दगडावर, तुमच्यासारखं. सवयच लागलीये घरात बघून बघून. का हो?"

तपासनीस आता मात्र मटकन बसले. जीव भांड्यात पडला, डोळ्यांत पाणी आलं, आणि लाज न बाळगता त्यांनी ते वाहू दिलं.

"बाबा? काय झालं?"

"तुझ्या तुकडीत किती जण आहेत?"

"एकोणचाळीस. का?"

बाकीच्या अडतीस जणांच्या घरी सुतारपक्षी नव्हता.

"सगळ्यांना सांग, पडलं तर आधी आपटा. आत्ता सांग. आणि तुमच्या साहेबांना म्हणावं, ही पिस्तुलं आजच परत घ्या."

"पण ती तर तुम्हीच पास..."

"मीच. माझं चुकलं, बाळ."

फोन ठेवून त्यांनी कोरा कागद ओढला. गेल्या वर्षीचा निकाल खोटा आहे, असं लिहायचं होतं. खाली बावीस वर्षांची सही करायची होती. पेन उमटेना. हात सवयीने मेजाच्या कडेकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं पेन द्या."