झाकण उघडलं, एवढंच

मी गोळ्यांचा डबा बोलतोय. सतरा नंबरचा. बोलायची मला सवय नाही, वाजायची आहे. पण एका प्रकरणात माझ्या साक्षीवरून भलताच निकाल लागला, तेव्हा एकदा तोंड उघडून मोकळं झालेलं बरं.

माझा जन्म विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर झाला, इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत, एक पाय आखूड असलेल्या टेबलावर. आम्ही चाळीस भावंडं. आमची आई पीएच.डी. करत होती आणि तिचं चौथं वर्ष चालू होतं. घरून फोन आला की "होत आलंय" म्हणायची, फोन ठेवायची आणि पुन्हा सोल्डरिंगला बसायची. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना कायम चटके बसलेले असत. त्यातला एक माझ्यामुळे.

माझ्या पोटात सात कप्पे, एक घंटी आणि झाकणाला एक चिमुकलं लोहचुंबक. सकाळचे आठ वाजले की मी वाजणार, झाकण उघडलं की गप्प बसणार आणि उघडल्याची वेळ प्रयोगशाळेतल्या संगणकाला कळवणार. वेळेवर उघडलं तर हिरवा ठिपका, नाहीतर लाल. एवढंच माझं शिक्षण. झाकण कोणी उघडलं, आतल्या गोळीचं पुढं काय झालं, हे सांगायची सोय माझ्यात बसवलेली नव्हती. कोणाला तशी गरजही वाटली नाही.

हृदय थकल्यामुळे ज्यांच्या पायावर सूज येते अशा चाळीस म्हाताऱ्या माणसांकडे आमची पाठवणी झाली. ती माणसं नर्सताईनं निवडली होती. ती नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करत होती आणि तिचाही प्रबंध आमच्याच जिवावर उभा होता. मी गेलो ड्रायव्हरकाकांकडे. काकांनी चौतीस वर्षं शहर बस चालवली होती. आता घरात ते, मुलगा आणि सून. मुलगा-सून सकाळी साडेसातलाच कामावर जायची.

आईनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. रोज एक गोळी, तिनं लघवी जास्त होणार आणि त्यातून अंगातलं पाणी कमी होणार, हे नर्सताईचं सांगून झालं होतं. मग आई म्हणाली, "काका, तुम्ही काही टेन्शन घ्यायचं नाही. आठ वाजता हा वाजला की झाकण उघडायचं. झालं! माझी पदवी आता तुमच्या हातात आहे बघा."

ती गमतीनं म्हणाली होती. काकांनी गमतीनं घेतलं नाही.

"पोरी," ते म्हणाले, "चौतीस वर्षांत माझी गाडी डेपोतून एक मिनिट उशिरा सुटली नाही. तू निश्चिंत राहा."

आणि खरंच, माणूस शब्दाचा पक्का. आठला दोन मिनिटं कमी असताना इस्त्रीचा शर्ट घालून काका माझ्यासमोर उभे. मी वाजलो की लगेच झाकण उघडायचे, गोळी काढायचे, झाकण लावायचे आणि गोळी दारामागे टांगलेल्या जुन्या खाकी कोटाच्या खिशात टाकायचे. मग साडेआठला घराबाहेर. पहिल्या दिवशी मला वाटलं, परत आल्यावर घेतील. दुसऱ्या आठवड्यापासून मी तसं वाटून घ्यायचं सोडून दिलं.

तीन महिन्यांनी तपासणीसाठी आम्हाला प्रयोगशाळेत गोळा केलं. भावंडांची भेट झाली. नऊ नंबरच्या घंटीवर कोणीतरी कापूस कोंबला होता. बावीस नंबर तीन महिने फ्रीजमध्ये होता आणि त्याला अजून हुडहुडी भरत होती. माझे मात्र अठ्ठ्याण्णव टक्के. उरलेले दोन टक्केसुद्धा माझी बॅटरी सैल झाली म्हणून गेले. आईचे मार्गदर्शक सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "हा सतरा नंबर म्हणजे सोनं आहे सोनं. प्रेझेंटेशनमध्ये पहिला हाच दाखव." आईनं मला फडक्यानं पुसलं. इतर कोणाला पुसलं नाही. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी घरी परत आलो तोवर काकांचे पाय जास्तच सुजायला लागले होते. चपलेचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आला. जिना चढताना ते मधल्या वळणावर थांबायचे आणि कोणी दिसलं तर भिंतीवरची नोटीस वाचल्यासारखं करायचे. नर्सताई आली, तिनं घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला तो पडूनच राहिला.

"काका, गोळ्या घेताय ना?" असं तिनं विचारलं खरं, पण ते तोंड उघडायच्या आत तिनं मोबाइलवर माझे ठिपके पाहिले. "घेताच आहात म्हणा. सगळं हिरवंगार आहे."

काकांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला. विषय लघवीचा, समोर नर्सताई, बाजूला सून. या माणसानं सुनेसमोर कधी बनियनवर चहा घेतला नाही.

गोळी रोज पोटात जाते आणि तरी सूज वाढते, याचा डॉक्टरांनी सरळ अर्थ लावला: गोळी कमी पडतेय. एकीच्या दोन झाल्या. मग दोन गोळ्या खिशात जायला लागल्या. पुढच्या खेपेला डॉक्टर सुनेला म्हणाले, "दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर दवाखान्यात ठेवावं लागेल. हृदय आता जास्त ताण सोसणार नाही." घरी येऊन सून मला सांगावं तसं म्हणाली, "सगळं वेळेवर करतात हो बाबा, तरी का असं?" मला सगळं ठाऊक होतं. सकाळी आठ वाजले, झाकण उघडलं आणि मी इमानेइतबारे हिरवा ठिपका पाठवला.

त्याच आठवड्यात प्रश्नवाला आला. हे नाव काकांनी ठेवलेलं. आईच्याच विद्यापीठात समाजशास्त्रात पीएच.डी. करणारा, नर्सताईकडून पत्ता घेऊन आलेला, दाढी वाढलेला, खांद्याला शबनम. म्हातारी माणसं औषधाबरोबर कशी जगतात, असा काहीतरी त्याचा विषय होता. त्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, हे मला जरा लागलं. तो म्हणाला, "काका, तुमचा दिवस कसा जातो ते सांगा."

"सांगायचं काय त्यात? चल की बरोबर."

काकांनी त्याला दोन कप चहा पाजला आणि साडेआठला दोघं निघाले. डेपोशेजारच्या बागेत निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टरांचं एक बाक आहे. काका बारा वाजेपर्यंत तिथं असतात. त्या दिवशी मात्र पावणेअकरालाच दार उघडलं आणि प्रश्नवाला शबनम फेकून तडक संडासात घुसला.

बऱ्याच वेळानं बाहेर आला. चेहऱ्यावर अपार शांती होती.

"काका, बागेतल्या मुतारीला कुलूप आहे हो!"

"दोन वर्षं झाली."

"मग तुम्ही साडेतीन तास कसं करता? झाडामागं?"

"छे! काहीतरीच काय! डेपोतली माणसं ओळखतात मला, बघतील ना. आणि निवृत्त माणसाला डेपोत आत सोडत नाहीत."

"अहो, पण तुम्हाला तर ती पाण्याची गोळी आहे ना सकाळची? ती घेऊन कोणी बाकावर बसूच शकणार नाही."

"म्हणून तर घेत नाही," काका म्हणाले. "बाक सोडून दिवसभर या भिंतींकडे बघत बसू का मी?"

प्रश्नवाला खुर्चीत बसला. मग त्यानं माझ्या आईला फोन लावला.

तासाभरात आई आली, मागोमाग नर्सताई. काकांनी स्वतः कोट काढून खिसा टेबलावर रिकामा केला. गोळ्या माझ्यापर्यंत घरंगळत आल्या. मोजायचं धाडस कोणी केलं नाही.

"काका, असं का केलंत?" आईनं विचारलं.

"तू झाकणाचंच म्हणाली होतीस पोरी," काका म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. "तुझ्या परीक्षेत माझ्यामुळे लाल ठिपका नको, म्हणून वेळ चुकवली नाही कधी. आता तुझी पदवी बुडाली का ग?"

आई त्यांच्या पायाशी बसली आणि तिनंही घोट्यावर अंगठा दाबून पाहिला. मग ओक्साबोक्शी रडली. प्रेझेंटेशन तीन आठवड्यांवर होतं.

नर्सताईनं तिथूनच डॉक्टरांना फोन केला. पुन्हा एकच गोळी, आणि ती दुपारी एक वाजता, बागेतून आल्यावर. दोन विभाग, दोन मार्गदर्शक, एक डॉक्टर आणि मी, अशा सगळ्यांना मिळून जे चार महिन्यांत कळलं नाही, ते एका माणसाला वेळेवर लघवी लागल्यानं कळलं.

आईनं मला पिशवीत घालून सरांपुढं नेलं. सर म्हणाले, "एक डबा बिघडला म्हणून काय झालं? वगळ त्याला. एकोणचाळीस आहेत की."

"सर, हा बिघडलेला नाही. यानं मी सांगितलं तेच मोजलं. बाकी एकोणचाळीस घरांत काय चाललंय, मला माहीत नाही. मी जाऊन विचारणार आहे."

"वर्ष जाईल."

"जाऊ दे."

गेलंच. प्रश्नवाल्याला बरोबर घेऊन ती घरोघर फिरते आहे. पदवी अजून लांब आहे. काकांची सूज मात्र पंधरा दिवसांत उतरली. आता ते जिना एका दमात चढतात आणि नोटिशी वाचत नाहीत.

मी अजून त्यांच्याच टेबलावर आहे. दुपारी एकला वाजतो. काका झाकण उघडतात, गोळी जिभेवर ठेवतात, वर ग्लासभर पाणी पितात. मी कळवतो तो तोच हिरवा ठिपका, पूर्वीसारखाच. माझ्या नोंदीत कणभर फरक पडलेला नाही. म्हणून हात जोडून सांगतो, माझ्यासारख्या कोणाचंही ऐकून समाधान मानू नका.

पाच मिनिटांनी फोन वाजतो. पलीकडे आई.

"घेतली?"

"घेतली."

"खरं सांगा हं काका."

"अगं, मी खोटं बोललो होतो कधी? मला कोणी विचारलंच नव्हतं."

मग ती कोणाच्या घरी काय निघालं ते सांगते आणि काका हसतात. माझी बॅटरी आता संपत आली आहे, घंटी जेमतेम ऐकू येते. परवा तर मी वाजलोच नाही. तरी एकच्या ठोक्याला काका गोळी घेऊन, पाणी पिऊन, फोनशेजारी खुर्ची ओढून बसलेही होते.