सासऱ्यांचा प्रोसेसर

"हा घ्या काका, डोळे झाकून घ्या," दुकानाची मालकीण म्हणाली.

"डोळे झाकून मी आयुष्यात काही चालवलेलं नाही," आमचे सासरे म्हणाले. "आधी गाडी मारून बघतो."

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कॉम्प्युटरचा प्रोसेसर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक 'गाडी मारून बघतो' म्हणालं, की कुणीही बरोबरच्या माणसाकडेच पाहणार. मी नुसती मान डोलावली. मला सवय आहे.

सासरे निवृत्त बस ड्रायव्हर. त्यांच्या गाडीत उभ्या माणसालाही दांडी धरावी लागत नसे, म्हणून डेपोत सगळे त्यांना 'पाळणा' म्हणायचे. त्याच बसवर सासूबाई कंडक्टर होत्या. आधी ड्युटी जमली की आधी लग्न, यावर त्या दोघांचं अजून एकमत नाही. निवृत्तीनंतर बाबांचे हात शिवशिवायला लागले, तेव्हा माझ्या नवऱ्याने त्यांना बस चालवायचा एक गेम लावून दिला आणि आमच्या हॉलचा डेपो झाला. या गेममध्ये हौशी लोक स्वतः बनवलेल्या गोष्टी घालू शकतात, त्यांना मॉड म्हणतात. बाबांनी कुठल्या कुठल्या हौशी मंडळींच्या मागे लागून आपला जुना रूटच उभा करून घेतला. पूल, बाजार, थांबे, थांब्यावरची माणसं, एवढंच काय, चौकातला लंगडा कुत्रासुद्धा.

"तो कशाला?" मी विचारलं होतं.

"अगं, तिथे ब्रेक मारायचो ना मी!"

आई, म्हणजे सासूबाई, शेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि दोघं रोज एक फेरी मारून यायची. पण मॉड वाढत गेले तसा कॉम्प्युटर दमायला लागला. बस बाजारात शिरली की चित्र अडखळायचं, थांबायचं आणि मग एकदम पुढे उडी मारायचं. नवऱ्याने मोठ्या ऐटीत नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं. त्याने झाडांची पानं चकचकीत झाली, बस मात्र तश्शीच आचके देत राहिली. आईंना गरगरायला लागलं. शेवटी एक दिवस त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

"तुमच्या गाडीत मला ओकारी येते हो," त्या म्हणाल्या.

पाळण्याला असं कुणी कधी बोललं नव्हतं. बाबा धड जेवेनात. थोडे मॉड काढून टाका म्हटलं, तर म्हणाले, "कुठला थांबा काढू? माणसं उभी आहेत तिथे." त्यांना प्रोसेसर नको होता, शेजारची खुर्ची परत हवी होती. मला ते दिसत होतं, म्हणून मी दोघांनाही दुकानात घेऊन आले होते. आईंना तर जवळजवळ ओढतच. त्या पडद्याकडे पाठ करून, काउंटरला टेकून स्टुलावर बसल्या होत्या.

बाबांनी घरून गेम आणि सगळे मॉड एका डिस्कवर भरून आणले होते. मालकीणबाईंनी ते सगळ्यात भारी प्रोसेसरच्या, गेमचं स्टिअरिंग जोडलेल्या मशीनवर चढवले. "यात भरपूर कोअर आहेत, म्हणजे एका वेळी पुष्कळ माणसं कामाला," त्या म्हणाल्या. बस पुलावरून झोकात गेली, बाजारात शिरली आणि आचका बसला.

"आला ना?" आई मागे न बघताच म्हणाल्या. बाबांचा चेहरा पडला होता.

मालकीणबाई मात्र इरेला पेटल्या. काय काय उघडून बघितलं आणि हसल्या. "हा गेम जुन्या वळणाचा आहे काका. जवळजवळ सगळं काम एकाच कोअरवर ढकलतो. बाकीचे हातावर हात ठेवून बसलेत."

"आमच्या ऑफिससारखं," मी म्हटलं.

"म्हणून माणसं वाढवून उपयोग नाही. एकच हवा, पण चपळ. आणि हाताशी मोठं फडताळ हवं. दर वस्तूसाठी माळ्यावर चढावं लागलं, तर अडखळणारच की तो." फडताळ म्हणजे कॅश, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी दुसऱ्या मशीनकडे बोट दाखवलं. "कोअर कमी, कॅश मोठी. तुमच्या घरच्या मदरबोर्डवरही बसेल."

गेम तिकडे चढवला आणि बाबा त्या मशीनच्या स्टिअरिंगवर बसले. बस पूल उतरली, बाजारात शिरली, थांब्याला लागली. माणसं चढली. आणि मग काहीच हलेना.

"हँग झालं!" मालकीणबाई बटणाकडे धावल्या.

"हात लावू नका!" बाबा ओरडले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मला वाटलं, संपलं, आता रिकाम्या हाताने घरी.

तेवढ्यात आईंनी पाठमोऱ्याच बोटाच्या पेराने काउंटरवर वाजवलं. टक टक.

बस सुटली.

"डबल बेलशिवाय गाडी काढत नाहीत ते," आई मालकीणबाईंना म्हणाल्या. मग बाबांना, "मग घरी काय करता हो?"

"मीच टेबलावर वाजवतो," बाबा पुटपुटले. "मजा नाही त्यात."

आईंनी स्टूल फिरवून बाबांच्या शेजारी ओढलं. पडद्यावर बाजार मागे सरकत होता, भरगच्च, आणि कुठे टाचणीएवढाही आचका नव्हता.

"गरगरतंय का गं?" बाबांनी हळूच विचारलं.

"पुढे बघून चालवा."

मग काय, थांबा आला की टक आणि सुटताना टक टक. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं मागे येऊन उभी राहिली. मला इतका आनंद झाला की मीही त्यांच्यात उभ्यानेच सगळी फेरी केली. शेवटी बस डेपोत शिरली. खरा डेपो पाडून तिथे कधीच मॉल झालाय. इथे मात्र गेट होतं, घड्याळ होतं, ड्युटीवरून सुटलेली माणसं बाकावर बसलेली होती. बाबांनी बस रांगेत लावून इंजिन बंद केलं.

"हाच बांधून द्या," मी मालकीणबाईंना खूण केली.

"चला, शेवटचा स्टॉप," बाबा उठत म्हणाले.

आई पडद्याकडेच बघत होत्या. "माहितीये मला," त्या म्हणाल्या. "बसा जरा."

बाबा पुन्हा बसले.