कडी आतूनच होती

“मिस्त्री, आवाज न करता उघडता येईल का?” प्राचार्यांनी हळूच विचारलं.

मिस्त्रींनी कॉलेजच्या सभागृहाच्या मागच्या दाराकडे पाहिलं. अकरा वर्षांपूर्वी ते त्यांनीच बसवलं होतं. कडी आतून, पण बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला.

“येईल की,” ते म्हणाले. म्हणताना त्यांना जरा अभिमानच वाटला. पुढे हाच अभिमान त्यांना सगळ्यात जास्त टोचत राहिला.

आत शंभरेक मुलंमुली तीन दिवस कोंडून घेऊन बसली होती. परमुलखातल्या लढाईवर आमची पोरं धाडू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. ती लढाई कशासाठी चाललीय, हे आता रेडिओवाल्यांनाही धड सांगता येत नव्हतं.

“मारणार नाहीत ना, साहेब?” मागे उभ्या असलेल्या पोलिसांकडे बघत मिस्त्रींनी विचारलं.

“छे हो! समजावून बाहेर आणायचं, बस्स. पोरं उपाशी आहेत आत.”

मिस्त्रींनी बिजागऱ्यांत तेल सोडलं, छिन्नी लावून तिन्ही पिना वर काढल्या. दार त्या बाजूनं अलगद सुटून बाहेर आलं. पोलीस आत घुसले आणि पुढच्याच क्षणी किंकाळ्या ऐकू आल्या. एका मुलीचा हात कोपरात मोडला. एकाचं डोकं फुटलं. मिस्त्री दार भिंतीला टेकवून, ते दोन्ही हातांनी धरून उभे होते.

सगळ्यांना पुढच्या दारानं काढून गाडीत घालून नेल्यावर प्राचार्य म्हणाले, “दार होतं तसं करून टाका. आणि मिस्त्री, हे आपल्यातच.”

मिस्त्रींनी दार बसवलं. हात कसबी, कुठे ओरखडासुद्धा राहिला नाही.

नडलं ते तेच. मुलं चार दिवसांनी सुटून आली. त्यांनी दार निरखून पाहिलं. ना फुटलेलं, ना उचकटलेलं. म्हणजे आतून कुणीतरी कडी काढली! त्या दुपारी मागच्या दाराशी आतून एकटाच पहाऱ्याला होता बगळा. लांब मानेचा, लांब तंगड्यांचा पोरगा, म्हणून बगळा.

“दार बिजागरीकडून निघालं, मी डोळ्यांनी बघितलं,” तो सांगत राहिला.

“दार काय पाहुणं आहे, आपणहून बाजूला व्हायला?” कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. नंतर हसणंही थांबलं. त्याच्या शेजारी कुणी बसेना. त्याच्या बाकावर कुणीतरी चाकूनं ‘फितूर’ कोरलं. तो शब्द घासून काढायचं काम मिस्त्रींकडेच आलं.

ते रंधा मारत असताना बगळा वर्गात आला.

“काका, दार तुम्ही बसवलंय. असं होऊ शकतं, एवढंच त्यांना सांगा. कुणी केलं ते मी विचारत नाही.”

मिस्त्रींनी मान वर केली नाही. निवृत्तीला दोन वर्षं होती. राहायची खोलीही कॉलेजच्याच आवारात.

“मी कामात आहे, पोरा.”

“बरं काका,” म्हणून बगळा गेला.

महिन्याभरात त्यानं कॉलेज सोडलं. कॉलेजात नाव होतं तोवर लष्कराच्या भरतीतून सूट होती, ती गेली. दीड महिन्यात त्याला लढाईवर धाडलं. वर्षाच्या आतच, तो मारला गेल्याची बातमी आली.

लढाई संपली. ती चूकच होती, असं मंत्रीही भाषणात म्हणू लागले. मिस्त्री निवृत्त झाले, खोली सुटली, आता भ्यायचं असं काही उरलं नाही. तरी बगळ्याच्या घरची पायरी चढायला त्यांना आणखी तीन वर्षं लागली.

वडील चष्मे दुरुस्त करत. समोरच्याच खोलीत बसून ते एका चष्म्याची काडी जोडत होते. मिस्त्रींनी सगळं सांगितलं. तेल, पिना, रंधा, सगळं. मग शिव्या खायच्या तयारीनं खाली मान घालून बसले.

“म्हणजे कडी त्यानं काढली नव्हती?” वडिलांनी विचारलं.

“नाही. कडी लागलेलीच होती.”

वडिलांनी हातातला चष्मा खाली ठेवला. “जाताना दारात वळून म्हणाला, बाबा, मी नव्हतो तो. मी म्हटलं, बरं. नुसतं बरं म्हटलं हो मी. त्याला कळलं असणार, माझा विश्वास नाही ते.”

वडील आतल्या दाराकडे वळले. “अगं, बाहेर ये जरा. आधी हातातलं ठेव.”

बगळ्याची आई ओले हात पदराला पुसत बाहेर आली. वडिलांनी तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि तिच्या मागे उभे राहिले.

“हिला सांगा,” ते मिस्त्रींना म्हणाले. “पहिल्यापासून सांगा.”

मिस्त्री उठून उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.