निंबाच्या जागेवरची कमान

मी निंबछाया टाउनशिपची कमान बोलतेय. बऱ्हाणपूर मागे पडलं, केळीची शेतं लागली, की डाव्या हाताला जी पिवळी दिसते ती मीच.

माझ्या कपाळावर सिमेंटच्या अक्षरांत नाव आहे. निंबही नाही आणि छायाही नाही. निंब होता, लीलाधरच्या केळीच्या बांधावर. बिल्डरनं शेत घेतलं, निंबावरून कॉलनीचं नाव ठेवलं आणि माझ्या पायासाठी निंब तोडला. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही, मी तेव्हा नुसती वाळू होते.

मग माणसं आली. बऱ्हाणपुरातल्या सिंधीपुऱ्यातले दुकानदार, मास्तर, ऑफिसातले बाबू. मोकळी हवा पाहिजे म्हणून आले आणि खिडक्या लावून एसी बसवले. इथल्या शांततेत करमेना, म्हणून रविवारी गाड्या काढून पुन्हा सिंधीपुऱ्यात जिलेबी खायला जातात. माझ्याखाली हॉर्न वाजवतात, समोर कोणी नसलं तरी.

लीलाधर आणि त्याची बायको गोदाबाई पहिल्या गल्लीत राहतात. आपल्याच शेतात त्यांना आता घर नंबर आहे. गोदाबाईचं दुःख एकच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके घेतात. तिची निशा देडतलाईला दिलेली. निंबाच्या झोक्यासाठी दरवर्षी धावत यायची. निंब गेला आणि निशा येईनाशी झाली. "काहाले येऊ आई? झोका काय पंख्याले बांधशील?" एवढंच फोनवर म्हणाली. मला फार वाईट वाटलं. तिची लेक मीच अडवून धरली होती.

यंदा गोदाबाईनंच फोन लावला. "ये व माय. बांधते मी झोका." कुठे, ते सांगितलं नाही. आखाजीच्या सकाळी लीलाधरनं शिडी धरली आणि तिनं दोर माझ्यावरून टाकला. निशा आली, बघून हसली आणि बसली. दोन्हीकडे गाड्या अडल्या.

कॉलनीचे अध्यक्ष दिगंबर सर काच खाली करून म्हणाले, "गोदाबाई, ये क्या लगा रखा है? गाड्या निघतीन कशा?"

"निघतीन सर. आखाजी सालातून एकच दिवस ऱ्हायते."

सरांच्या शेजारून त्यांची बायको शारदा उतरली. "तुम्ही हॉर्न वाजवा," ती म्हणाली, "मी एक झोका घेऊन येते." तिच्यामागे बायकांची रांग लागली. सरांनी हॉर्न वाजवला.

संध्याकाळी माझ्या खांबाच्या पायथ्याशी तडा दिसला. झोक्याला बोल लावून झाला. मग कॉलनीतल्या योगेश इंजिनीयरनं माती उकरली. खाली निंबाचं खोड जिवंत होतं आणि तड्यातून त्याचा कोंब वर आला होता. योगेश म्हणाला, "दोन्ही नाही राहणार. मुळं जाळा, नाहीतर कमान उतरवा."

निशानं निघताना कोंबाला हात लावला. "आई, याले पानी घालजो. पुढच्या आखाजीले मी पाहाले येते." तेव्हापासून गोदाबाई रोज तांब्या घेऊन येते. पाणी घालते आणि दिगंबर सरांच्या गेटकडे बघत उभी राहते.

कोंब ठेवायचा की कमान, ते ठरवायची मीटिंग रविवारी आहे, जिलेबीनंतर. मला मत नाही. असतं तर कोंबाला दिलं असतं. म्हणून सांगते, मला पाडा. फक्त माझी अक्षरं फेकू नका, त्या कोंबाशेजारी ठेवा. इतकी वर्षं ते नाव मी खोटंच मिरवलं. तिथं ते हळूहळू खरं होईल.