अंगठ्याची खाच

माझ्या सासऱ्यांच्या डाव्या हाताचा अंगठा अर्धाच आहे, हे मला गेली बावीस वर्षं माहीत होतं. माहीत म्हणजे अगदी तपशिलासह. फिरत्या करवतीने तो कसा नेला, हाताला रुमाल गुंडाळून त्यांनी आधी यंत्र कसं बंद केलं आणि मग दवाखान्याची वाट कशी धरली, हे मी चारचौघांत रंगवून सांगत आलोय. ‘आधी यंत्र बंद केलं’ या वाक्यानंतर मी जरा थांबतो. ऐकणारे हमखास ‘बापरे’ म्हणतात. सांगायचा मुद्दा असा, की मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःच ठेवलेली नाही.

मी एका कचेरीत इतरांनी केलेल्या कामावर शेरे मारतो. त्याचा पगार मिळतो. बाकीच्या वेळात मला हाताने फिरवायच्या जुन्या ड्रिलचा नाद आहे. वर लाकडी मूठ, मध्ये ताटलीएवढं दातेरी चाक, त्याला फिरवायचा दांडा आणि खाली भोक पाडायची सळी धरणारे जबडे, असं ते साधं यंत्र. डाव्या हाताने मूठ दाबून धरायची, उजव्याने चाक फिरवायचं. भंगारवाल्याकडून अशी गंजलेली ड्रिलं आणायची, सुटी करायची, रॉकेलमध्ये भिजवायची, तारेच्या ब्रशने घासायची, चाकाला मूळचा लाल रंग द्यायचा, मुठीला लाखेचं पॉलिश करायचं आणि आधीचा व नंतरचा असे दोन फोटो ‘जुनी अवजारं’ नावाच्या फोनवरच्या ग्रुपवर टाकायचे. मी याला पुनरुज्जीवन म्हणतो. अशी सत्तावीस ड्रिलं माझ्या कपाटात जिवंत होऊन पडली आहेत. त्यांतल्या एकानेही मी आजवर भोक पाडलेलं नाही. घरात खिळा मारायचा असला तर बायको माणूस बोलावते.

सासरे सुतार. पंचेचाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या घरांचे दरवाजे केले आणि आता निवृत्त होऊन स्वतःच्या घरातलं करतात. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो. ते मला ‘जावईबापू’ म्हणतात आणि माझ्यासाठी खुर्चीवरून उठतात. मी नको नको म्हणतो आणि बसतो.

तर एका रविवारी बाबांनी आपलं गिरमिट माझ्यापुढे ठेवलं. ड्रिलला ते गिरमिटच म्हणतात.

“जावईबापू, तुम्ही यातले जाणकार. याचा एक दात निसटतो. जोर लावला की चाक बाजूला सरतं. बघता का जरा?”

“एवढंच?”

“एवढंच. बाकी काही नाही. हिची खुर्ची अडलीय.”

‘ही’ म्हणजे सासूबाई. त्यांचे गुडघे गेलेत. गॅलरीत बसता यावं म्हणून बाबा त्यांच्या मापाची खुर्ची करत होते. उंच बैठक, रुंद हात, उठताना धरायला पुढे एक आडवी पट्टी. सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. खुंटी म्हटली की भोक आलं आणि भोक म्हटलं की गिरमिट. विजेचं ड्रिल बाबांच्या हाताला आवरत नाही. “ते माझं ऐकत नाही, आणि मला त्याचं ऐकू येत नाही,” असं ते म्हणतात.

दुरुस्ती पाच मिनिटांची निघाली. चाकामागे पितळेची पातळ चकती घातली, दात दाताला भिडला, काम संपलं. तेव्हाच्या तेव्हा ते नेऊन दिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि खुर्ची त्याच आठवड्यात पुरी झाली असती. पण इतका छान तुकडा हातात आल्यावर पाच मिनिटांत सोडायचा, हे माझ्यासारख्या जाणकाराला शोभलं नसतं. शिवाय मूठ बघवत नव्हती. एका अंगाला बोट रुतेल एवढी खोल, वाकडी खाच, तिच्या बाजूला उतरता खड्डा, वर घामाने आणि तेलाने काळवंडलेला थर. उंदराने कुरतडावी तशी. आधीचा फोटो मी मुद्दाम त्याच बाजूने काढला.

आमच्या ग्रुपचा एक दंडक आहे: मूळचं लाकूड फेकायचं नाही. फेकणाऱ्याला तिथे खाटीक म्हणतात. तेव्हा मी पिन ठोकून मूठ काढली आणि खरादीकडे नेली. हा माणूस आयुष्यभर पाळण्याचे आणि पलंगाचे पाय कातत आलाय. त्याने मूठ हातात घेतली, दोनदा फिरवली आणि चष्मा वर केला.

“साहेब, ही खाच मुद्दाम केलेली दिसते.”

“झीज आहे हो. जुनी वस्तू.”

“झीज अशी होत नाही. पटाशीने कोरलेली आहे ही.”

“तुम्ही खाच जाईपर्यंत कातून काढा. सगळीकडून सारखी पाहिजे.”

“बारीक होईल.”

“सुबक होईल,” मी म्हणालो.

त्याने पाट्यावर मूठ चढवली. दोन मिनिटांत भुसा पडला आणि मूठ सुबक झाली. तिच्यावर मी लाखेचे सात हात दिले, प्रत्येक हातानंतर काचपेपर. तिच्यात तोंड दिसायला लागलं. माझंच.

नंतरच्या फोटोला ग्रुपवर चारशे बारा लोकांनी अंगठा दाखवला. याच आकड्याचा पुढे मला सर्वांत जास्त त्रास झाला. एकानेच विचारलं होतं, ‘आधीच्या फोटोतली खाच विचारपूर्वक केलेली वाटते. मालकाला विचारलंत का?’ मी उत्तर टाकलं, ‘मालक सुतार आहेत, जाणकार नव्हेत.’ त्या उत्तरालाही त्रेसष्ट अंगठे मिळाले.

महिन्याने ड्रिल मखमली कापडात गुंडाळून बाबांना दिलं. त्यांनी कापड उलगडलं आणि काही क्षण नुसते बघत राहिले. मला वाटलं, भारावले. मग त्यांनी डाव्या हाताने मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली. चाक अर्धा फेरा फिरवलं. चाकाबरोबर अख्खं ड्रिल हातात फिरलं. त्यांनी ते अलगद खाली ठेवलं.

“दात बसला एकदम.”

“आणि मूठ?”

“चकाकतीय.” मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी भर घातली, “फार मेहनत घेतलीत, जावईबापू.”

मी नको नको म्हणालो आणि बसलो.

त्यानंतर सहा आठवडे आम्हाला जायला जमलं नाही. गेलो तेव्हा गॅलरीत खुर्ची होती, पण दोन पायांची. पुढचे पाय बसलेले, मागचे दोन भिंतीला टेकवून ठेवलेले. सासूबाई प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि गिरमिट दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, दोन काचेच्या हंसांच्या मध्ये ठेवलेलं होतं.

“वापरता ना बाबा?” मी विचारलं.

“रोज हातात घेतो.”

“रोज पुसतात,” सासूबाई गॅलरीतून म्हणाल्या. “मी विचारलं, अहो, खुर्चीचं काय? म्हणाले, होईल. दोन पायांची खुर्ची करून ठेवलीय. बहुतेक माझ्या दोन पायांना जोडून चार मोजतायत.”

बाबा हसले. बायकोही हसली. मीही हसलो आणि मोठ्या मनाने म्हणालो, “चला बाबा, आज आपण दोघं मिळून उरकून टाकू.”

ते नको म्हणत असताना मी त्यांची अवजारांची पेटी उघडली. पायाची कड कापायची राहिली होती म्हणून करवत उचलली. ती हातात बसेना. मुठीत एक खाच होती, माझ्या अंगठ्याला भलत्याच ठिकाणी अडवणारी. मी करवत ठेवून रंधा घेतला. त्यालाही तशीच खाच. कानशीच्या मुठीला तशीच. पेचकसाला तशीच, जरा लहान. सगळ्या वाकड्या, सगळ्या खोल, सगळ्यांच्या बाजूला तोच उतरता खड्डा. उजवा हात दमला की बाबा डाव्याने काम करतात, हे मला तेव्हा आठवलं. मी मान वर केली. दाराशी छत्री लटकत होती. तिच्या मुठीलासुद्धा.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते खिडकीबाहेर बघत होते. मला बघायला वेळ मिळावा म्हणून.

मी रंधा पेटीत ठेवला. “उशीर होतोय, पुढच्या वेळी करू,” असं काहीतरी म्हणालो. दुपारचे साडेबारा वाजले होते.

घरी आल्यावर मी आधीचा फोटो उघडून मोठा केला. उंदराने कुरतडल्यासारखं काही नव्हतं. अर्ध्या अंगठ्याचं टोक जिथे रुतणार तिथे खाच, तळवा जिथे दाबणार तिथे खड्डा. प्रत्येक काप स्वच्छ. अंगठा गेल्यावर माणसाने स्वतःच्या हाताचं माप काढून स्वतःचा हात लाकडात परत करून घेतला होता आणि मी तो खरादाच्या पाट्यावर चढवून सुबक केला.

बायको मागे येऊन उभी राहिली.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“लहानपणी मी त्यात माझा अंगठा घालून बघायचे. बुडून जायचा.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्ही बाबांना विचारून केलंत.” तिने फोटो पुन्हा लहान केला. “चुकलंच माझं. तुम्ही कधी कुणाला विचारता?”

“ते तरी का बोलले नाहीत?”

“जावयाला?” ती म्हणाली आणि पलीकडे गेली. तिच्या त्या एका शब्दात माझ्यासाठी बाबा ज्या ज्या खुर्च्यांवरून उठले, त्या सगळ्या होत्या.

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. बरोबर खरादीकडून आणलेले मुठीचे तीन जाड ठोकळे होते. खरादीने काही विचारलं नव्हतं, नुसतं “बारीक झाली का?” म्हणाला होता. वाटेत मी माफीचं एक भाषण तयार केलं. त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द दोनदा येत होता. बाबांनी दार उघडलं तेव्हा भाषण काही आठवेना.

“बाबा, तुमची मूठ मी बिघडवली. खरादी सांगत होता, तरी ऐकलं नाही. तुम्हाला विचारलं नाही.”

“असू द्या हो, जावईबापू. फार छान—”

“छान नाहीये. तुम्हाला धरता येत नाही. दीड महिना येत नाहीये.”

गॅलरीतून सासूबाई म्हणाल्या, “हे लोक आता दारातच बसणार का? बसा मग. खुर्ची नाहीच आहे.”

बाबांनी एक ठोकळा घेतला, डाव्या हातात धरला आणि पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. मला वाटलं, आता ते पटाशी घेतील. त्यांनी पटाशी माझ्या हातात दिली.

“मी?”

“मी कशाने धरू?”

गिरमिटाच्या मुठीसारखी गोल वस्तू डाव्या हाताने घट्ट धरायला अंगठा लागतो, म्हणून तर खाच. मग पहिली खाच त्यांनी एकट्याने कशी कोरली असेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

मी कोरायला लागलो. पहिला ठोकळा पंधरा मिनिटांत फाटला. दुसऱ्यात खाच पेन्सिलीच्या रेघेपलीकडे गेली. बाबा आधी “सावकाश, जावईबापू” म्हणत होते, मग नुसतं “सावकाश” म्हणाले, आणि तिसऱ्या ठोकळ्याला मी पटाशी लावताच त्यांच्या तोंडून निसटलं, “अरे गाढवा, लाकडाची रेषा बघ की! उलटा काय जातोस!”

बाबांचा चेहरा पडला. मला मात्र आठवडाभरात पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

“बघतो,” मी म्हणालो आणि ठोकळा फिरवला.

त्यानंतर त्यांनी हात आखडता घेतला नाही. कचेरीत मी कुणाला मारले नसतील इतके शेरे मला चार तासांत मिळाले. थोडं कोरायचं, त्यांच्या हातात द्यायचं, त्यांनी मूठ धरून डोळे मिटायचे आणि म्हणायचं, “अजून.” पुन्हा कोरायचं. “अजून.” कधी केसभर. कितव्या वेळेला कोण जाणे, ते “अजून” म्हणाले नाहीत. त्यांनी मूठ गिरमिटाला चढवली, पिन ठोकली, खुर्चीच्या मागच्या पायावर टेकवून चाक फिरवलं. लाकडाची बारीक वळी वर आली. ड्रिल हातात हललं नाही.

“बसली?” मी विचारलं.

त्यांनी मूठ पुन्हा एकदा चाचपली. अंगठ्याचं टोक खाचेत ठेवलं, काढलं, ठेवलं.

“चालेल,” ते म्हणाले.

तीस वर्षं घामाने घडलेली खाच त्यांच्याकडे होती. तिच्या जागी मी त्यांना ‘चालेल’ दिलं.

संध्याकाळपर्यंत खुर्चीला चार पाय झाले. सासूबाई पट्टीला धरून बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या आणि म्हणाल्या, “आता मला उठवू नका.”

घरी येऊन मी ग्रुपवर त्या फोटोखाली सगळं लिहिलं. अर्धा अंगठा, खाच, खरादी, माझं ते उत्तर. अकरा जणांनी अंगठा दाखवला. एकाने विचारलं, पॉलिश कुठल्या लाखेचं आहे. ज्याने पहिल्यांदा शंका काढली होती, तो काहीच बोलला नाही.

मला वाटलं होतं, प्रकरण मिटलं. पण ती सुबक मूठ बाबांनी टाकली नाही. ती अजून काचेच्या कपाटात, दोन हंसांच्या मध्ये आहे. घरी कुणी पाहुणा आला की बाबा त्याला कपाटापाशी नेतात, काच सरकवतात आणि मूठ त्याच्या हातात देतात.

“जावयांनी केलीय. बघा, तोंड दिसतं हिच्यात.”

पाहुणा बघतो, वा म्हणतो आणि माझ्याकडे वळतो. बाबा परत येऊन बसतात आणि लगेच माझ्यासाठी खुर्चीवरून उठतात. मी नको नको म्हणतो. आजकाल मी उभाच राहतो.