बाटलीत राहिलेला फवारा

मी गवती चहाचा अर्क बोलतोय. भांडगावच्या हरिबाच्या घरी, रानाकडच्या खिडकीत, एका बाटलीत असतो.

मी मुळात तेल, आणि तेलाचं पाण्याशी कधी पटत नाही. पण हरिबाच्या लेकीनं, स्वप्नालीनं, कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझे इतके बारीक थेंब केले की पाण्यानं मला पोटात घेतलं. तिथं मला नॅनोइमल्शन म्हणत. ती मात्र म्हणायची, "आबांचं औषध." विषारी फवारणी केली की हरिबाला उलट्या व्हायच्या, हात थरथरायचे. त्यासाठीच माझा जन्म.

हरिबानं मला मिरचीच्या काही ओळींवर मारलं. आकसलेल्या शेंड्यांना सरळ पालवी आली. "पोरी, डोळं चुरचुरत न्हाईत गं!" तो फोनवर हसून म्हणाला. माझं सारं सुख तेवढंच.

कारण मी सावकाश काम करणारा. वास उडाला की पुन्हा मारावं लागतं. स्वप्नाली रांजणगावला कंपनीत लागली, सणसवाडीला खोली करून राहिली. इकडं आभाळ भरून राहिलं आणि किडीनं सगळं रान धरलं.

शेजारचे बापूसाहेब बांधावर आले. "हरिबा, अत्तर शिंपडून कुठं किडा मरतोय व्हय?"

हरिबानं मला उचललं, थोडा वेळ बघितलं आणि परत ठेवलं. दोन जहाल औषधं एकत्र कालवली.

"वारं सुटलंय. आज ऱ्हाऊ द्या," त्याची बायको बानूबाई म्हणाली.

"उद्यापतुर काय ऱ्हातंय रानात?"

दुपारी माणसांनी त्याला उचलून आणलं. तोंडाला फेस होता. स्वप्नाली कंपनीच्या कपड्यातच दवाखान्यात पोचली. तिला तो काय म्हणाला, ते बानूबाई अजून भेटायला येणाऱ्यांना सांगते, "तुझं औषध वाईट न्हवतं, पोरी. मलाच दम निघाला न्हाई." त्यानंतर तो बोलला नाही.

दहाव्यानंतर स्वप्नालीनं माझं झाकण उघडलं, वास घेतला आणि भिंतीला टेकून रडली. जाताना तिनं मला नेलं नाही.

आता माझं तेल वर तरंगू लागलंय. पाण्यानं मला सोडलं. मी पिकाच्याही उपयोगाचा राहिलो नाही.

रान बापूसाहेबांनी वाट्यानं घेतलंय. त्यांचा गडी संपत समोर फवारतोय, उघड्या तोंडानं, वाऱ्याच्या समोर. मी हाका मारतोय, पण त्या काचेबाहेर जात नाहीत. तुम्ही या रानाकडच्या रस्त्यानं चाललाच असाल तर माझं राहू द्या. त्याच्या नाकातोंडावर आधी एक फडकं बांधा.