उलट्या सीटची सायकल

मी एक जुनी सायकल आहे, फ्रान्समधल्या लियों शहराच्या मालकीची. म्हणजे सगळ्यांची, आणि म्हणूनच कुणाचीच नाही. मित्रांनो, बारा वर्षांत मला किती जणांनी दामटलं ते विचारू नका. थकले आहे मी.

मी नवी होते तेव्हा माझ्यासाठी बँड वाजला होता. आता रस्त्यावरच्या मोटारी कमी होतील, असं लोक म्हणाले. ते थोडंफार खरंही झालं. एका स्टँडवरून मला काढायचं, हवं तिथे जायचं आणि तिथल्या स्टँडला अडकवायचं, इतकं सोपं! पण टेकडीवरून खाली जायला मी सगळ्यांना हवी असते, वर चढताना मात्र सगळ्यांचे पाय दुखतात. म्हणून आमची देखभाल करणारा बाकारी आम्हाला ट्रकमध्ये घालून वर आणतो आणि सकाळी सातला स्टँड पुन्हा रिकामा होतो.

आमच्याकडे एक रीत आहे. सायकल बिघडली की तिची सीट फिरवून उलटी करून ठेवायची. पुढचा माणूस ती पाहून समजतो. मला बोलता येत नाही, मित्रांनो. माझं बोलणं काय ते त्या सीटमधूनच.

गेल्या हिवाळ्यात मेट्रोचा संप झाला. सोलांज नावाची बाई खाली नदीकाठच्या शाळेत स्वयंपाकाला होती. पुन्हा उशीर झाला तर काम जाईल, असं तिला बजावलं होतं. मग ती रोज संध्याकाळी धापा टाकत मला वर आणू लागली आणि माझी सीट उलटी करून घरी जाऊ लागली. मी तर धडधाकट होते! सकाळी ती सीट सरळ करून निघायची. मला लाज वाटायची, पण तिची दयाही यायची.

रोज सकाळी तिच्याआधी मस्यू तेवने नावाचे म्हातारे गृहस्थ स्टँडवर यायचे. त्यांची बायको खाली दवाखान्यात होती. माझी सीट पाहून ते "हीही आजारीच," म्हणायचे आणि दुखरा गुडघा धरून टेकडीच्या पायऱ्या उतरू लागायचे.

असे तीन आठवडे गेले. एका सकाळी बाकारी मला ट्रकमध्ये चढवत असताना सोलांज धावत आली.

"अहो, थांबा! काही झालेलं नाही तिला!"

"सीट उलटी आहे, मादाम. दुरुस्तीला न्यायलाच हवी."

"मीच फिरवते ती! रोज!"

"रोज? वा! आणि आम्ही इथे कंबर मोडून घेतोय!"

मस्यू तेवने दोनच पायऱ्या उतरले होते. ते मागे वळले. "म्हणजे ती चांगली होती?"

सोलांजचा चेहरा पडला. "मला उशीर झाला असता, मस्यू."

"मला रोज होतोय," ते म्हणाले. "मी पोहोचेपर्यंत बायकोला नर्सनं कॉफी पाजलेली असते."

सोलांजने मला ट्रकमधून उतरवून घेतलं, सीट सरळ करून त्यांच्या उंचीला बसवली आणि स्वतः पायऱ्यांवरून धावत सुटली. तिचं काम टिकलं की गेलं, मला कधीच कळलं नाही. ती पुन्हा स्टँडवर आली नाही.

मित्रांनो, मी खरंच बिघडले तरच माझी सीट फिरवा. हात जोडता आले असते तर जोडले असते.

काल माझ्या ब्रेकची तार तुटली. कुणीतरी भल्या माणसानं आठवणीनं सीट उलटी करून ठेवली. आत्ता मस्यू तेवने आले आहेत. सीट पाहून ते हसले.

"पुन्हा कुणाची तरी लबाडी!" असं म्हणून ते ती सरळ करताहेत. समोर उतार आहे, आणि मला ओरडता येत नाही.